निर्दोष सुटल्यावर सगळे पूर्ववत होते का?

तुमच्या धाकट्या भावावर कार्यालयातील पैशांच्या अपहाराचा खोटा आरोप झाला आहे, तो सुटेल असे वकील सांगतात, आणि सुटल्यावर सगळे पूर्ववत होते का, असे तुम्ही विचारले आहे. त्याच वाटेवरून मी गेलो असल्यामुळे सांगतो, होत नाही. काय काय बदलते ते आधी कळले, तर घरच्यांना निदान त्याच्याजवळ नीट उभे राहता येईल.

मी गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या एका सहकारी पतसंस्थेत रोखपाल होतो. 2009 साली लेखापरीक्षणात 3 लाख 40 हजार रुपयांची तूट निघाली. पिग्मी एजंटांनी, म्हणजे घरोघरी फिरून रोजची बचत गोळा करणाऱ्यांनी, आणून दिलेल्या काही रकमा त्यांच्या खात्यांवर चढल्याच नव्हत्या आणि भरणा घेतल्याची सही माझी होती. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या 408व्या कलमाखाली, म्हणजे नोकराने केलेल्या विश्वासघाताचा, गुन्हा नोंदवला गेला. दोन रात्री कोठडीत काढल्यावर जामीन मिळाला आणि 2016 साली निर्दोष सुटका झाली, कारण त्या रकमा संस्थेच्याच दुसऱ्या शाखेच्या नावे चढल्या होत्या, हे लेखापरीक्षकांनी उलटतपासणीत मान्य केले. ते मान्य करायला त्यांना दहा मिनिटेही लागली नाहीत. त्यांची साक्ष निघायलाच सहा वर्षे लागली.

अटकेची बातमी नावानिशी छापून आली, सुटकेची आली नाही. त्यावर अधिक लिहीत नाही, कारण खरे नुकसान वर्तमानपत्रात नव्हे तर वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, झाले. आमच्याकडे तोंडावर कोणी काही बोलत नाही. मला कोणी चोर म्हटले नाही. मात्र ज्या किराणा दुकानात वडिलांच्या काळापासून आमची उधारीची वही होती, तेथील मालकाने ती वही सापडत नसल्याचे नम्रपणे सांगितले. सार्वजनिक गणेशोत्सवाचा मी अकरा वर्षे खजिनदार होतो. त्या वर्षी बैठक कधी झाली हे मला कळवलेही नाही. आरतीला घुमट हे वाद्य वाजवण्यासाठी मात्र बोलावणे येत राहिले, कारण वाजवणारे कमी होते! पहाटे सायकलवरून पाव घेऊन येणारा पोदेर तेवढा महिन्याच्या हिशेबाने पाव देत राहिला. त्याला बातमी कळली नव्हती असे नाही.

नोकरी गेली होतीच. मस्कतमध्ये असलेल्या एका मित्राने तेथे हिशेबनिसाच्या जागेसाठी माझे नाव सुचवले, तेव्हा माझ्या पासपोर्टची मुदत संपली होती. फौजदारी खटला प्रलंबित असेल तर 1967च्या पासपोर्ट कायद्यानुसार पासपोर्ट नाकारता येतो. न्यायालयाने परवानगी दिली तर मिळतो, पण आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर तो एकाच वर्षाचा असतो. मला तसाच एका वर्षाचा मिळाला, आणि तो पाहून कंपनीने जे विचारायचे ते विचारले. गोव्यात घरटी एखादा तरी माणूस आखातात किंवा बोटीवर असतो; येथे पासपोर्ट अडला की माणसाचे अर्धे आयुष्य अडते.

भरपाईची आशा भावाला दाखवू नका. अटकेला पुरेसे कारण नसताना ती करवणाऱ्याकडून दंडाधिकारी भरपाई देववू शकतात, पण जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही तिची कमाल मर्यादा 1000 रुपये आहे. विधी आयोगाने 2018 साली आपल्या 277व्या अहवालात चुकीच्या खटल्यांच्या भरपाईसाठी कायदेशीर व्यवस्था सुचवली होती. या नव्या संहितेत ती आलेली नाही. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना 1994 साली हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली, ते 50 दिवस कोठडीत होते, 1996 साली सीबीआयने आरोप निराधार ठरवला, आणि सर्वोच्च न्यायालयाने 50 लाखांची भरपाई मंजूर केली ती 2018 साली. त्यांच्या तोलाच्या माणसाला जेथे 24 वर्षे लागली, तेथे पतसंस्थेच्या रोखपालाने काय अपेक्षा धरावी?

खोटी तक्रार करणाऱ्यावर आपणही खटला भरावा, असे मला अनेकांनी सुचवले. त्यासाठी दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे 248वे कलम, म्हणजे जुने 211वे, आहे; पण आरोपाला आधार नाही हे तक्रारदाराला ठाऊक होते आणि इजा करण्याचाच त्याचा हेतू होता, हे दाखवावे लागते. तक्रार करणारे आमच्या पतसंस्थेचे अध्यक्ष खोटारडे नव्हते, घाबरलेले होते, असे मी आज मानतो. शिवाय पुन्हा त्याच आवारात, त्याच बाकावर बसण्याची ताकद माझ्यात उरली नव्हती.

सर्वांत अधिक बदललो तो मी स्वतः. खटला चालू असताना मी प्रत्येक गोष्टीचा पुरावा जपू लागलो. कदंब बसची तिकिटे, औषधांच्या पावत्या, वीजबिले तारीखवार लावून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत असे. पत्नीने बांगड्यांचा भाव सहज विचारला तरी माझा आवाज चढे, कारण मला तो जबाब वाटे. सुटकेला इतकी वर्षे झाली, तरी तिकीट फेकताना हात थांबतो. डबा आता दुसरा आहे, एवढेच.

वडील 2013 साली, निकालाच्या तीन वर्षे आधी, गेले. त्यांनी घराची कागदपत्रे जामिनासाठी काढून दिली, प्रत्येक तारखेला मला न्यायालयाच्या फाटकापर्यंत सोडले, पण पैसे घेतलेस का, असे एकदाही विचारले नाही. ते विश्वासामुळे होते की उत्तराच्या भीतीमुळे, हे मला अजून उलगडलेले नाही. म्हणून वकील, तारखा आणि कागदपत्रे यांच्याआधी तुम्हाला एक विचारतो: तुम्ही भावाला तो प्रश्न सरळ विचारला आहे का? विचारला नसेल तर एकदा त्याच्यासमोर बसून विचारा आणि तो बोलेल तितका वेळ बसून राहा. माझ्या वडिलांनी विचारले असते, तर मी रात्रभर बोललो असतो.