माळकऱ्यांनी पबात जावं का?

प्रश्न : मुलगी मँचेस्टरला असते. मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे जाणार आहोत. एका रविवारी शेतांमधून भटकायचं आणि शेवटी खेड्यातल्या पबात जेवायचं, असा तिचा बेत आहे. आम्ही दोघंही माळकरी. पबात आम्ही बसायचं कसं? आणि लोकांच्या शेतातून जाताना कुणी हटकणार नाही का?

उत्तर : शेताचं आधी सांगते. कुणी हटकत नाही. इंग्लंडमध्ये शेत खाजगी असलं, तरी त्यातून जाणाऱ्या नोंदलेल्या पायवाटेवर चालायचा हक्क सगळ्यांना आहे. फाटकावर पिवळा बाण म्हणजे पायी चालणाऱ्यांची वाट. निळा असेल तर घोडेस्वारही भेटतील. फाटक उघडं असेल तर उघडं, लावलेलं असेल तर लावून पुढे जायचं. आणि वासराजवळची गाय दिसली तर गोमाता म्हणून हात लावायला जाऊ नका. लांबून वळसा घाला.

मी ईडेल हे खेडं सुचवेन. मँचेस्टरहून शेफील्डकडे जाणारी धिमी गाडी तिथे थांबते. स्टेशनवरून मॅम टॉर या डोंगरावर चढायचं (५१७ मीटर), धारेवरून हॉलिन्स क्रॉस या खिंडीपर्यंत यायचं आणि खाली गावात उतरायचं. वर फरसबंदी वाट आहे, पण वारा असा की यजमानांना कानटोपी घालायला लावाच. समोर दिसतो तो किंडर स्काउट डोंगर. जमीनमालकांची मनाई झुगारून १९३२ साली शेकडो तरुण त्यावर चढले. पाच जणांना तुरुंगवास झाला.

गावातल्या ओल्ड नॅग्ज हेड या पबापासून पेनाइन वे सुरू होते. ४३० किलोमीटरची पायवाट, म्हणजे आळंदी-पंढरपूरहून बरीच लांब!

आता पब. तिथे आजोबा, कुत्री, लहान मुलं सगळी असतात. दारू न घेणाऱ्याकडे कुणी बघतसुद्धा नाही. मी लाइम-सोडा घेते. मात्र काउंटरवर जाऊन आपणच मागायचं. पहिल्या खेपेला मी वीस मिनिटं टेबलाशी वेटरची वाट बघत बसले होते. जेवणाचं मात्र सांभाळा. रविवारी सगळा भर भाजलेल्या मांसावर असतो, म्हणून मुलीला आधी फोन करून टेबल राखायला आणि शाकाहारी काय आहे ते विचारायला सांगा. सूप कशाच्या पाण्यात केलंय, चिप्स कशात तळल्यात, हेही विचारायचं. काही ठिकाणी मासे त्याच तेलात तळतात, कुठे गोवंशाची चरबीही वापरतात. ब्रेड, चेडर चीज आणि लोणचं मागता येईल, फक्त चीज शाकाहारी आहे ना, तेही विचारा. वेळ पाळा. एका गावात आम्ही तीन वाजता पोहोचलो तर स्वयंपाकघर बंद. वेफर्सच्या पुड्यांवर भागवलं.

चिखलाचे बूट दाराशी काढून नुसत्या मोज्यांवर आत गेलात तरी चालतं. फक्त मोजे धड असू द्या. माझ्या अंगठ्याला भोक होतं.