मोठ्या फिल्मवरचा लघुपट आणि फुटांचा हिशेब

प्रश्न : आम्ही काही मित्र २० मिनिटांचा लघुपट ६५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित करू इच्छितो. आजवर सारे काम डिजिटलवर केले असल्यामुळे फिल्मचा खर्च आटोक्यात कसा ठेवावा, हे उमगत नाही. मार्गदर्शन करावे.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अंदाजपत्रक रुपयांच्या आधी फुटांत मांडावे. सेकंदाला २४ चौकटींच्या (फ्रेमच्या) वेगाने नेहमीची ३५ मिलिमीटर फिल्म मिनिटाला ९० फूट लागते, पाच छिद्रांच्या चौकटीची (म्हणजे जिची एक चौकट फिल्मच्या कडेच्या पाच छिद्रांएवढी जागा घेते ती) ६५ मिलिमीटर फिल्म ११२.५ फूट, तर आयमॅक्सची तब्बल ३३७.५ फूट, म्हणजे हजार फुटांचे मॅगझिन (कॅमेऱ्यावरची फिल्मची डबी) आयमॅक्सवर तीन मिनिटांतच रिकामे होते. पडद्यावरच्या एका मिनिटासाठी सहा मिनिटे चित्रीकरण धरले, तर तुम्हाला १३,५०० फूट फिल्म लागेल. त्यातल्या प्रत्येक फुटावर कच्च्या फिल्मची किंमत, लॅबमधली प्रक्रिया, स्कॅनिंग (फिल्मचे डिजिटल रूपांतर) आणि वाहतूक असे चार खर्च चढतात, म्हणून या चारींचा मिळून एकच दर काढावा आणि तो दिग्दर्शकापासून कॅमेरा सहायकापर्यंत सर्वांना तोंडपाठ असावा.

फिल्म सर्वाधिक वाया जाते ती वाईट टेकमध्ये नव्हे, तर ‘ॲक्शन’च्या आधी आणि ‘कट’ म्हणायला होणाऱ्या उशिरात, असे माझे ठाम मत आहे. साठ टेकमध्ये प्रत्येकी पाच सेकंद गेले, तरी साडेपाचशेहून अधिक फूट हातचे जातात. तालमी फोनवर चित्रित करून पाहाव्यात, कॅमेरा शेवटीच सुरू करावा आणि मॅगझिनमध्ये उरलेले तुकडे नोंद ठेवून छोट्या शॉटसाठी वापरावेत. फोकस सांभाळणाऱ्या अनुभवी सहायकाच्या मानधनात आणि कॅमेऱ्याच्या चाचणीत मात्र कधीही काटकसर करू नये, कारण मोठ्या चौकटीत फोकसची खोली, म्हणजे स्पष्ट दिसणारा अंतराचा पट्टा, फार कमी असते आणि जरा चूक झाली की उत्तम अभिनयाचा टेकही फुकट जातो.

हे सारे झेपत नसेल, तरी मार्ग आहेत. ‘शोले’ (१९७५) ३५ मिलिमीटरवर चित्रित करूनच पुढे चित्रपटगृहात दाखवायच्या ७० मिलिमीटरच्या प्रतींसाठी मोठा केला गेला. व्हिस्टाव्हिजन या चित्रीकरण पद्धतीत ३५ मिलिमीटर फिल्म आडवी धावते आणि आठ छिद्रांची मोठी चौकट मिळते. एक कोटी डॉलरहून कमी खर्चात झालेला ‘द ब्रुटलिस्ट’ (२०२४) मुख्यतः याच पद्धतीने चित्रित झाला. येथे मिनिटाला १८० फूट लागतात खरे, पण प्रक्रिया ३५ मिलिमीटरच्या लॅबमध्येच होते. तेवढे आठ छिद्रांच्या चौकटीचे स्कॅनिंग कोठे आणि किती दराने होईल, हे कॅमेरा भाड्याने घेण्यापूर्वी लेखी मागून घ्यावे.