टक्कर ‘हुकली’, ‘टळली’ की नुसतं अंतर मोडलं?

कोल्हापुरातल्या शाहूपुरीतल्या एका ताईंनी बातमीचं कात्रण पाठवून विचारलंय : “मथळा आहे ‘दोन विमानांची टक्कर थोडक्यात हुकली’. हे मराठी बरोबर आहे का? आणि आत ‘लॉस ऑफ सेपरेशन’ तसंच ठेवलंय. त्याला आपल्याकडे शब्दच नाही का?”

ताई, आधी ‘हुकली’चं बघू. हुकतं ते हवं असलेलं. शाहू स्टेडियमवर गोल हुकतो, एका मार्कानं नंबर हुकतो, गारगोटीची शेवटची एसटी हुकते. टक्कर हुकली म्हटलं की कुणीतरी नेम धरून बसलं होतं आणि आता हळहळतंय, असं वाटतं. इंग्रजी ‘मिस’च्या पोटात आपले चार-पाच शब्द मावतात. मथळा करणाऱ्याच्या हाताला पहिला लागला तो त्यानं चिकटवला. ‘चुकली’ त्याहून बरा, कारण मरण चुकतं, मार चुकतो. पण कर्ता बदलून ‘विमान चुकलं’ म्हणालात, तर उशीर तुम्हाला झालाय आणि विमान केव्हाच उडालंय. ‘टळली’ हाच सरळ शब्द. शिवाय संकटाच्या जोडीला तो पूर्वीपासून बसलेला आहे.

आपल्याकडं रस्त्यावर याहून झणझणीत शब्द आहेत. उसाचा हंगाम लागला की दोन ट्रेलींचा ट्रॅक्टर अंगावरून जातो तेव्हा कुणी ‘टळली’ म्हणत नाही. ‘घासून गेला की रं!’ म्हणतात. दुचाकीवाला ‘कट मारून’ जातो, गोळी ‘चाटून’ जाते. पण यात दोन वस्तू एकमेकींना जवळजवळ लागलेल्या असतात. ‘जिवावरचं शेपटावर निभावलं’ म्हणावं, तर त्यात शेपूट तरी जातंच. विमानांच्या बातमीत बहुतेक वेळा तेवढंही जात नाही.

म्हणून तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ‘लॉस ऑफ सेपरेशन’मध्ये टक्कर नाहीच. दोन विमानांत किती अंतर हवं ते ठरलेलं असतं. रडारवर दिसणाऱ्या विमानांत आडवं अंतर साधारणपणे ५ सागरी मैल, विमानतळाच्या जवळपास ३ सागरी मैल. यातले ५ सागरी मैल म्हणजे सव्वानऊ किलोमीटर. गावातून उजळाईवाडीचा विमानतळ जेवढा लांब, साधारण तेवढं. किंवा मग उभं अंतर १ हजार फूट. पायथ्यापासून जोतिबाचा डोंगर धरा. दोन्हींपैकी एक असलं तरी चालतं. दोन्ही एकाच वेळी कमी पडली, की अंतर मोडलं. समजा, ४ मैल आणि ८०० फूट उरलं. आत बसलेल्याच्या कपातला चहासुद्धा हिंदकळणार नाही, पण जमिनीवरून विमानांना वाट दाखवणाऱ्या नियंत्रकाच्या लेखी चूक झाली आणि तिची चौकशी होणार. सव्वानऊ किलोमीटर ऐकायला ऐसपैस वाटतात खरे, पण ताशी ९०० किलोमीटरनं दोन विमानं समोरासमोर आली तर ते १८-१९ सेकंदांत संपतात.

हे मोडणं नियमाचं आहे याचा एक छान पुरावा आहे. २९ हजार फुटांच्या वर पूर्वी उभं अंतर २ हजार फूट लागायचं. उंची मोजणारी यंत्रं सुधारली आणि २००३ साली भारतातही ४१ हजार फुटांपर्यंत ते १ हजारावर आलं. आदल्या दिवशी जे अंतर मोडणं ठरलं असतं, ते दुसऱ्या दिवशी नियमात बसलं. आभाळ तेच, विमानंही तीच!

उलट १२ नोव्हेंबर १९९६ला हरियाणात चरखी दादरीवर काय झालं ते आठवा. सौदी विमानाला १४ हजार फुटांची परवानगी होती, समोरून उतरणाऱ्या कझाक विमानाला १५ हजारांची. कझाक विमान ठरल्या उंचीच्या खाली आलं. आधी अंतर मोडलं, मग टक्कर झाली. ३४९ माणसं गेली. दोन घटना आहेत, त्यांना शब्दही दोन हवेत. पहिलीलाच ‘टक्कर टळली’ म्हणून बसलो तर तिला नावच उरत नाही.

मग शब्द कोणता? ‘विलगीकरण’ २०२०मध्ये करोनानं नेलं. ‘फारकत’ नवरा-बायकोची. ‘अंतरभंग’ हा मला आधी आवडला होता, नियमभंग-हक्कभंगाच्या रांगेत नीट उभा राहतो. पण अंतर म्हणजे मनही, त्यामुळं वैमानिकाचा प्रेमभंग झाल्यासारखं ऐकू येतं.

‘अंतर’ हा शब्द तसा खोडकरच. ‘तुला अंतर देणार नाही’ हे आपण माया म्हणून बोलतो. नियंत्रकानं मात्र अंतर द्यायचं, तेवढ्यासाठीच तो तिथं बसलाय. ‘त्यांच्यात अंतर पडलं’ म्हणजे आपल्याकडं भांडण, त्याच्याकडं सुटकेचा निःश्वास. त्यामुळं क्रियापद जपून निवडायला हवं. ‘अंतर घटलं’ गुळमुळीत आहे, कारण विमानं जवळ येताना ते घटतच असतं. ‘अंतर मोडलं’ मला पटतं. करार मोडतो, शब्द मोडतो, तसं ठरलेलं अंतर मोडतं.

तुमच्या कात्रणात विमानं नियमापेक्षा जवळ आली एवढंच आहे. कुणाला ऐनवेळी वर-खाली वळवावं लागल्याचा उल्लेख नाही. तेव्हा मी मथळा असा केला असता : ‘दोन विमानांतलं सुरक्षित अंतर मोडलं’. उपसंपादक म्हणेल, यात थरार नाही. नाहीच आहे.