देवापुढे कबुली दिली, आता घरात?

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी पत्नीला न सांगता कर्ज काढले. हप्ते वेगळ्या खात्यातून भरतो. प्रभूपुढे रडून क्षमा मागितली आहे. मग आता सांगून तिच्या जिवाला घोर कशाला लावायचा?

उत्तर : सांगावेच लागेल. वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करायला येशू सांगतो (मत्तय ५:२३-२४). देवाशी मिटले म्हणून माणसाशी आपोआप मिटत नाही.

बोलण्याआधी सगळे कागदावर मांडा : कोणाकडून घेतले, मुद्दल, व्याजदर, फेडलेली रक्कम, बाकी, थकलेले हप्ते, जामीन कोण, गहाण काय. एकही आकडा गाळू नका. बायबलमधील हनन्या व सप्पीरा या पतीपत्नीने जमीन विकून काही पैसे मागे ठेवले, एवढाच त्यांचा दोष नव्हता. ते पैसे तुझ्याच स्वाधीन होते, असे येशूचा शिष्य पेत्र स्वतः हनन्याला म्हणतो (प्रेषितांची कृत्ये ५:४). पेत्रापुढे थोडे आणून तेच सगळे असल्याचे त्यांनी भासवले, तिथे ते चुकले. अर्धी कबुली अशीच असते. उरलेला आकडा महिन्याभराने बाहेर आला की पहिली कबुलीही खोटी ठरते, आणि पुढे तुम्ही कितीही खरे बोललात तरी ‘अजून काय लपवलंय?’ हा प्रश्न तिच्या मनातून जात नाही. आमच्या मते मूळ कर्जापेक्षा हे जास्त घातक आहे.

मुले जवळ नसताना, दोघांना निवांत वेळ असेल तेव्हा बसा. झोपायच्या वेळी नको. पहिले वाक्य सरळ असू द्या : ‘मी तुझ्यापासून कर्ज लपवलं.’ ‘तू चिडशील म्हणून’ हे शब्द तोंडातून येऊ देऊ नका. आदामानेही चुकीचा जाब विचारताच बायकोकडे बोट दाखवले होते (उत्पत्ति ३:१२). मग गप्प राहून ऐका. तिने लगेच क्षमा करावी म्हणून ‘सत्तर वेळा सात’ हे कितीही वेळा क्षमा करायला सांगणारे येशूचे वचन तिला ऐकवणे हा वचनाचा गैरवापर आहे. क्षमा ती एका दिवसात करू शकेल. विश्वास मात्र पुन्हा कमवावा लागतो.

मोशेच्या नियमशास्त्रात फसवून घेतलेले परत करताना वर पाचवा हिस्सा द्यायचा असे (लेवीय ६:५). येशूला भेटलेला जकातदार जक्कय तर चौपट द्यायला तयार झाला. नुसत्या ‘सॉरी’ने भरपाई होत नाही. खात्याचा तपशील तिला कधीही पाहता येईल अशी सोय करा, महिन्याचा एक दिवस हिशेबासाठी ठरवा, आणि किती रकमेपुढचा खर्च वा उधारी दोघांच्या संमतीशिवाय होणार नाही, ते लिहून ठेवा.

प्रश्न : पंधरा वर्षांचा मुलगा सगळे मला सांगतो आणि ‘पप्पांना सांगू नकोस’ म्हणतो. तसा शब्द देऊन बसले आहे.

उत्तर : ऐकण्याआधी शब्द द्यायचा नाही, हे पुढच्या वेळेसाठी. आता परस्पर वडिलांच्या कानावर घालू नका. मुलाकडेच परत जा. ‘मी घाईने शब्द दिला, तो मला पाळता येणार नाही. रविवारपर्यंत तू स्वतः सांग, मी शेजारी बसते,’ असे म्हणा. त्याआधी पतीकडून एक गोष्ट कबूल करून घ्या : पूर्ण ऐकेपर्यंत बोलायचे नाही. खरे सांगणाऱ्यालाच सगळ्यात मोठी शिक्षा मिळते हे दिसले, की मूल खोटे बोलायला शिकते.

बायबलमधील रिबेका आणि तिचा मुलगा याकोब यांनी मिळून तिच्या नवऱ्याला, इसहाकाला फसवले. ‘थोडे दिवस’ म्हणून तिने मुलाला दूर पाठवले, तो वीस वर्षे परतला नाही (उत्पत्ति २७:४४, ३१:४१). मायलेकांची पुन्हा भेट झाल्याचा उल्लेख बायबलमध्ये कुठेही नाही.

मात्र वडील मारहाण करणारे असतील, तर वरचे काही करू नका. आधी मुलाची सुरक्षितता पाहा. पाळक (चर्चचे धर्मगुरू) किंवा विश्वासू वडीलधाऱ्यांना मध्ये घ्या.

प्रश्न : माझा भाऊ सर्वांदेखत टोचून बोलतो आणि ‘मी ख्रिस्ती आहे, खरं तेच बोलणार’ म्हणतो.

उत्तर : इफिसकरांस पत्रात सत्य आणि प्रीती एकत्रच येतात (४:१५). चूक दाखवायची तर आधी एकांतात, हा क्रम मत्तय १८:१५ मध्ये दिला आहे. तुम्हीही तोच पाळा : त्याला एकट्याला गाठून, नेमके कोणते वाक्य लागले तेवढेच सांगा. मागची यादी काढू नका.