खऱ्या रेल्वेगाडीशिवाय भूतगाडीचा एपिसोड कसा शूट करावा?

तुमचा प्रश्न असा: मुलांच्या मालिकेत भूतगाडीचा एक भाग करायचाय, कोल्हापुरातला एक हॉल आणि मोबाइल कॅमेरा आहे, पण गाडी नाही. नाही तेच बरं. गाडी अख्खी दिसली की भीती तिथंच संपते. दाखवायचा तो उजेड, ऐकवायचा तो आवाज.

गोष्ट तर गावातच पडलीय. कोल्हापूर टर्मिनस आहे. रूळ मिरजेकडून येतात आणि इथं संपतात. म्हणून गाडी मिरजेकडून आणूच नका, जिकडं रूळ नाहीत तिकडून आणा. कोल्हापूरच्या पोराला यातली गोम लगेच कळते. दुसरा धागा: 1891 मध्ये सुरू झालेली ही लाईन मीटरगेज होती, 1971 मध्ये ब्रॉडगेज झाली. दोन रुळांतलं अंतर तेव्हा 1000 मिलिमीटर, आता 1676. रूळ संपतात त्याच्या पलीकडच्या चिखलात सकाळी दोन चाकोऱ्या दिसतात, एखादं पोरगं टेप लावतं आणि माप बरोब्बर एक मीटर भरतं. शेवट यावर करा. चिखल हॉलबाहेरच्या अंगणातला चालतो, फळीच्या कडेनं चाकोरी ओढता येते.

सगळ्यात जास्त वेळ आवाजाला द्या. आताचे रूळ वेल्डिंगनं जोडलेले असतात, म्हणून तो जुना खडक-खडक फारसा येत नाही. आजच्या गाडीचं रेकॉर्डिंग वापराल तर भूत आजचंच वाटेल. जुना रूळ 13 मीटरचा धरा. ताशी 50 किलोमीटरला साधारण दर सेकंदाला एक सांधा येतो आणि डब्याच्या एका टोकाची दोन चाकं त्यावरून लागोपाठ जातात. म्हणजे दोन ठोके, मध्ये पाव सेकंदाहूनही कमी, मग थांबा. जाड लाकडावर पहार ठेवून हातोडीनं ठोका आणि तेच रेकॉर्ड करा. गाडी जवळ येताना ठोके जलद करायची चूक हमखास होते. वेग तोच राहतो. लांबचा आवाज बोदा, जवळचा खणखणीत, एवढाच फरक. आणि गाडी समोर आली की आवाज एकदम बंद. तो सन्नाटा दोन सेकंद तरी ठेवा.

डब्याच्या खिडक्यांचा उजेड पोरांच्या तोंडावरून सरकवायला सायकल उलटी ठेवा. मागच्या चाकावर काळा पुठ्ठा बसवून कडेला चार खिडक्या कापा, मागं दिवा लावून पेडल हातानं फिरवा. वरच्या कडेतून येणारा उजेडच वापरा, खालचा झाका, नाहीतर सावल्या गोल फिरतात आणि जत्रेतला पाळणा वाटतो. दिवा लहान, उघडा हवा, टॉर्चसारखा. पॅनेल लाईटनं कडा पुसट होतात. चाकाचा फेरा दोन सेकंदांत एक, म्हणजे सेकंदाला दोन झळा. सेकंदाला तीनपेक्षा जास्त झळा नकोत. काही मुलांना त्यानं झटका येऊ शकतो.

कॅमेरा सेकंदाला 25 फ्रेमवर, शटर 1/50 सेकंद. आपली वीज 50 हर्ट्झची, ऑटोवर 30 फ्रेम धरली की स्वस्त एलईडीच्या उजेडात पट्टे फिरतात.

धुरासाठी फॉग मशीन भाड्यानं घ्या, दारं-पंखे बंद करून थोडा सोडा आणि तो पसरेपर्यंत थांबा. दिवा समोरून लावला तर पांढरी भिंत दिसते, मागून लावा. ड्राय आईस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, नको. त्याचा वायू हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, आणि बसलेल्या पोरांची नाकं तिथंच असतात.

डबा हलवायचा तर बाकाखाली टायरची हवा भरलेली ट्यूब ठेवून दोघांनी डोलवा. टांगलेल्या पिशव्या एकाच दोऱ्याला बांधून ओढा, वेगवेगळ्या हलल्या की नाटक उघडं पडतं.

रुळावर मात्र 'एकच शॉट' म्हणूनही जाऊ नका. वर 25 हजार व्होल्टची तार आहे, आणि रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली विनापरवाना शिरणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. फलाटाचा शॉट हवाच असेल तर मध्य रेल्वेकडं रीतसर अर्ज करा, कोल्हापूर पुणे विभागात येतं.