गुडघ्याचे दुखणे कमरेत उतरते तेव्हा: अमेरिकी माजी सैनिकांसाठी प्रश्नोत्तरे

अमेरिकी सैन्यात नोकरी करून बाहेर पडलेल्या मराठी वाचकांचे आणि त्यांच्या घरच्यांचे या वेळी निवडलेले चारही प्रश्न एकाच मुद्द्याभोवती फिरतात. सेवेत जडलेल्या दुखण्यातून पुढे दुसरे दुखणे उद्भवले, तर व्हेटरन्स अफेअर्स खाते, म्हणजे व्हीए, त्याची भरपाई देते का?

प्रश्न: लष्करात असताना माझा डावा गुडघा दुखावला. व्हीएने तो सेवेमुळे दुखावल्याचे मान्य करून 10 टक्के रेटिंग (दुखण्याची तीव्रता ठरवणारी टक्केवारी, जिच्यावर भरपाई ठरते) दिले. लंगडत चालून चालून आता कंबर धरली आहे. पण सेवाकाळातील कागदपत्रांत कमरेचा उल्लेखही नाही. दावा टिकेल का?

उत्तर: टिकू शकेल, आणि सेवाकाळातील नोंद नाही एवढ्यावरून आपण मागे हटण्याचे कारण नाही. संघीय नियमसंहितेच्या 38व्या शीर्षकातील कलम 3.310 नुसार, मान्य झालेल्या दुखण्याचा परिणाम म्हणून जे दुखणे उद्भवते, तेही सेवेमुळेच झाले असे धरले जाते. म्हणजे कमरेचा संबंध थेट लष्कराशी नव्हे, तर गुडघ्याशी जोडून दाखवायचा असतो. त्यासाठी कमरेचे आजचे निदान हवे, गुडघ्याला मिळालेली मान्यता हवी (ती आपल्याकडे आहेच) आणि या दोहोंना जोडणारे वैद्यकीय मत हवे, ज्याला सगळे ‘नेक्सस लेटर’ म्हणतात.

दावा अडतो तो या पत्रापाशी. मध्यंतरी पाहण्यात आलेले एक पत्र जेमतेम एका ओळीचे होते: ‘कमरेचे दुखणे गुडघ्यामुळे असू शकते.’ ‘असू शकते’ या शब्दांना व्हीएच्या लेखी वजन नाही, कारण ‘नसूही शकते’ हे त्यातच आले. शक्यता किमान निम्मी आहे, एवढे डॉक्टरांनी स्पष्ट लिहिले तरी पुरते. दोन्ही बाजूंचा पुरावा समसमान असेल तेव्हा संशयाचा फायदा माजी सैनिकाला द्यावा, असे कायदाच सांगतो. मात्र त्या मतामागची कारणे पत्रात हवीत: जुनी कागदपत्रे पाहिली का, लंगडण्याची पहिली नोंद कधीची, शरीराचा भार कोणत्या बाजूला पडतो, केवळ वय किंवा वजन हे कारण का पटत नाही. सोबत आपल्या पत्नीचे निवेदन जोडावे. जिना चढताना आपण उजवा पाय आधी टाकता आणि डावा त्याच पायरीवर आणून ठेवता, हे त्या किती वर्षे पाहत आल्या आहेत, एवढेच त्यांनी लिहावे. निदान करण्याच्या भानगडीत पडू नये.

प्रश्न: माझ्या वडिलांच्या मणक्याच्या दुखापतीला मान्यता आहे, पण खुब्याच्या संधिवाताचा दावा ‘तो वयोमानाने झाला’ असे लिहून नाकारला गेला. वयाचे कारण आम्हालाही अमान्य करता येत नाही. विषय संपला का?

उत्तर: नाही. एका दुखण्यामुळे दुसरे जडले का, हा एक प्रश्न झाला; आधीचेच दुसरे दुखणे त्यामुळे वाढले का, हा वेगळा. माजी सैनिकांच्या दाव्यांसाठी असलेल्या न्यायालयाने 1995 मध्ये ‘अ‍ॅलन विरुद्ध ब्राऊन’ या प्रकरणात दुसऱ्या प्रश्नालाही जागा करून दिली. ‘वयोमानाने झाला’ हे फक्त पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. वाढीविषयी तपासणी अहवाल गप्प असेल, तर तो अपुरा आहे असे आपण लेखी म्हणावे. भरपाई मात्र वाढलेल्या भागापुरतीच मिळते, त्यामुळे वाढ होण्यापूर्वी खुब्याची अवस्था कशी होती हे दाखवणारे जुने एक्स-रे शोधून ठेवावेत.

या बाबतीत 2023 चा ‘स्पायसर’ निकाल मला फार मोलाचा वाटतो. हवाई दलात सेवा केलेल्या स्पायसर या गृहस्थांच्या रक्ताच्या कर्करोगाला मान्यता होती. गुडघ्यांचा संधिवात वेगळा होता. कर्करोगाच्या औषधांमुळे रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण इतके उतरले, की गुडघे बदलण्याची ठरलेली शस्त्रक्रिया रद्द करावी लागली. कर्करोगाने गुडघे झिजवले नाहीत, म्हणून आधी दावा फेटाळला गेला. फेडरल सर्किट या वरच्या अपील न्यायालयाने तो दृष्टिकोन नाकारला: कर्करोग नसता तर गुडघ्यांची आजची अवस्था अशीच राहिली असती का, हे पाहायला हवे. बरे होण्याची वाट बंद होणे, हेही त्यात आले.

निर्णयाच्या तारखेपासून एका वर्षाच्या आत हालचाल करावी, म्हणजे मूळ दाव्याची तारीख हातची जात नाही. नवे वैद्यकीय मत मिळवणार असाल तर पुरवणी दावा करावा; वरिष्ठ अधिकाऱ्याकडून होणाऱ्या फेरतपासणीत नवा पुरावा घेतच नाहीत.

प्रश्न: पाठीसाठी वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्या घेऊन आता पोटाचा त्रास सुरू झाला आहे. हा दुय्यम दावा, म्हणजे मान्य दुखण्यातून उद्भवलेल्या दुखण्याचा दावा, होतो का?

उत्तर: होतो. मान्य दुखण्यावरील उपचारांचे दुष्परिणाम त्याच नियमात बसतात. गोळीचे नाव, मात्रा आणि किती वर्षे घेतली हे औषधांच्या नोंदींतून दाखवावे. दुकानातून स्वतः आणलेल्या गोळ्यांचा उल्लेखही डॉक्टरांच्या टिपणांत यायला हवा.

प्रश्न: मुलाला पीटीएसडीसाठी (भयंकर अनुभवानंतर जडणाऱ्या मानसिक विकारासाठी) 50 टक्के होते, त्यातून आलेल्या मायग्रेनसाठी 30 मिळाले, पण एकूण 70 झाले. शिवाय तो आता पुण्यात राहतो. पैसे थांबतील का?

उत्तर: बेरीज अशीच होते. 50 टक्के गेल्यावर उरलेल्या 50 चे 30 टक्के म्हणजे 15. एकूण 65, आणि ते दहाच्या जवळच्या पटीत नेल्यावर 70. पुण्यात राहिल्याने भरपाई थांबत नाही. उपचारांच्या खर्चासाठी व्हीएची परदेशस्थांसाठीची वैद्यकीय योजना आहे. पण ती मुख्यतः मान्यता मिळालेल्या दुखण्यांसाठीच आहे. म्हणूनच, एखाद्या दुय्यम दुखण्याला शून्य टक्के रेटिंग मिळणार असे दिसत असले, तरी त्याने दावा करून ठेवावा. शून्य टक्के म्हणजे नकार नव्हे, आणि पुण्यातील बिल मागताना ती मान्यता उपयोगी पडते.