बंद खाणीत आधी झाडं की आधी बोटिंग?

प्रश्न: नमस्कार ताई, आमच्या गावाबाहेरची दगडखाण बरीच वर्षं बंद आहे. क्रशरवाला कधीच गेला, खड्ड्यात बारमाही पाणी आहे. ग्रामपंचायतीत आता बोटिंग, लॉन, सेल्फी पॉइंट असं चाललंय, म्हणे पर्यटन वाढेल. मला तिथं झाडं-पक्षी हवेत. दोन्ही जमेल का? – एक वाचक, पुणे जिल्हा

उत्तर: दादा, जमतं, फक्त तिकीटखिडकी शेवटी लावायची. केनियात मोंबासाजवळ सिमेंटसाठी चुनखडी काढून काढून नुसता पांढरा उघडा खडक उरला होता, तिथं रेने हॅलर नावाच्या माणसाने १९७१ मध्ये झाडं लावायला घेतली. बरीचशी मेली, टिकलं त्यात मुख्य म्हणजे सुरू, आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर असतं तेच, कारण ते हवेतला नायट्रोजन मुळांतल्या गाठींत धरतं. पण सुरूचा पाला कुजेना, मग त्यांनी चक्क वाणी किडे आणून सोडले (पावसाळ्यात घरात शिरतात आणि हात लावला की गुंडाळी होते ते), त्यांनी पाला खाऊन खाऊन खत केलं आणि माती तयार व्हायला लागली. लोकांसाठी गेट उघडलं १९८४ मध्ये! आज तिथं जिराफ आणि पाणघोडे बघायला गर्दी असते. आपल्या ग्रामपंचायतीला पाच वर्षांत फीत कापायची असते, ही खरी अडचण.

म्हणून लगेच सुरू आणून लावू नका हां, आपला काळा पाषाण वेगळा. जवळचं उदाहरण गुरुग्रामचं, तिथल्या अरवली जैवविविधता उद्यानाची सुमारे ३८० एकर जागा म्हणजे जुन्या खाणी, लोकांनी २०१० पासून मागे लागून तिथं अरवलीतलीच झाडं वाढवली, सालई, कांडोळ, धौ वगैरे. तुम्हीही आसपासच्या डोंगरावर जे आपोआप वाढतं त्याचंच बी गोळा करा. खाण उघडताना वरची काढलेली मुरूम-माती कडेला ढिगात पडलेली असते, ती पसरून आधी मारवेल-पवन्यासारखं गवत धरू द्या, झाडं मग. शेतातली काळी माती विकत आणून ओतलीत तर पहिल्या पावसात पाण्यात जाईल. गिरिपुष्प, सुबाभूळ पटकन हिरवं दिसतं म्हणून सगळे लावतात, माझं मत विचाराल तर अजिबात नको.

बोटिंगचं म्हणाल तर खाणीच्या पाण्याला काठच नसतो, पहिलं पाऊल टाकलं की थेट खोलात, आणि सुरुंगांनी कडे खिळखिळे झालेले असतात ते वेगळंच. एका बाजूला खाणीतलेच सुटे दगड आणि मुरूम टाकून उतार करून घ्या. त्या उथळ पाण्यात लव्हाळं येतं, पक्षी येतात, आणि कोणी पडलंच तर वर यायला वाट मिळते. कोणीतरी बिल्डर फुकट राडारोडा टाकून देतो म्हणेल, त्याला हात जोडा.

पैशाचं: खाणबाधित भागासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान असतं (२०१५ च्या कायदादुरुस्तीनंतरचं), तिथं अर्ज करता येतो. पण त्याआधी सातबारा काढा, जागा गायरान आहे, खासगी आहे की वनखात्याची, ते बघितल्याशिवाय एक रोपही लावू नका.

प्रश्न: आमच्या बंद खाणीच्या कड्यावर मोठं घुबड बसतं, रात्री घुमतं. अपशकुनी म्हणून पोरं दगड मारतात. पर्यटक येणार असतील तर हाकलायचं का? – एक वाचक, सासवडजवळून

उत्तर: अहो, पर्यटक त्यालाच बघायला येतील! डोक्यावर शिंगांसारखे तुरे असतील तर ते शृंगी घुबड, उघडे कडे आणि घळी त्याला आवडतात म्हणून जुन्या खाणीत राहतं, आणि शेतातले उंदीर-घुशी खातं. वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, हे पोरांच्या कानावर घाला. ते अंडी कड्यावरच्या सपाट जागेत नाहीतर थेट जमिनीवर घालतं, साधारण हिवाळ्यात सुरुवात होते, तेव्हा त्या बाजूला कोणालाच जाऊ देऊ नका. तो एक कडा मुद्दाम उघडाच ठेवा, वेली चढवू नका, लाइटही सोडू नका. पायवाट समोरच्या काठाने न्या, दुर्बिणीतून मस्त दिसतं.